पाणी कुठनं येतंय

राजाराम तलावावर रविवारी सकाळी सहाला
आम्ही चौघं, एक होडी, एक थर्मास.
होडी पाण्यात असते वीस मिनिटं.
उरलेले तीन तास ती काठावर पालथी
आणि आम्ही तिच्याभोवती,
अडलेल्या म्हशीपाशी गोठ्यात उभे राहावे तसे.

कारण पाणी येतंय.
फार नाही. डालड्याच्या डब्यानं दोनदा उपसलं की झालं.
पण येतंय.

तातोबा सुताराचं म्हणणं, सांध्यातनं.
"मी मरीन प्लाय सांगितलेला, तुम्ही आणला पॅकिंगचा.
लाकूड खोटं बोलत नाही भावा, दुकानदार बोलतोय."
इलाही म्हणतो, वल्ह्याच्या कडीतनं.
कडी त्यानंच उद्यमनगरात लेथवर काढलेली,
त्यामुळं हा कबुलीजबाबही आहे आणि फुशारकीही:
"माझी कडी एवढी घट्ट, प्लायच फाटला असंल."
पद्मजावहिनी वल्हं पुसत म्हणतात, "मी सांगतो.
परवा मी एकटी बसलो तर थेंब नाही आला.
वजनं बघा की आपापली."
मग अर्धा तास इलाहीच्या पोटावर जातो.

रंकाळ्यावरच्या पायडलच्या बदकांना
आम्ही होडी म्हणत नाही. बदक ते बदक.
पण लग्न ठरल्यावर इलाहीनं तिथंच
तासाचे पैसे भरून बदक हाणलं होतं,
हा विषय निघाला की त्याला लगेच भडंग आठवतो.
कुणी मालवणला जाऊन येतो,
आठ दिवस समुद्राच्या गोष्टी सांगतो.
तातोबा सगळं ऐकून घेतो, विडी विझवतो:
"खाऱ्या पाण्यात कोण पण तरंगतंय."

होडीच्या बुडाला आता राळ आहे,
राळेवर एमसील, एमसीलवर फायबर,
फायबरवर कुणाच्या तरी मेव्हण्यानं दिलेला
टाकीला मारायचा काळा रंग.
एवढ्यात दुसरी होडी झाली असती.

बुधवारी रात्री मी एकटाच गेलो होतो.
पालथ्या होडीखाली बॅटरी लावून ठेवली
आणि बाहेर अंधारात उकिडवा बसलो.
डाव्या अंगाला, पुढनं तिसऱ्या फासळीशी,
तांदळाएवढा उजेड.

खरं तर बॅटरी लागली नसती.
त्या ऑगस्टात, चिखलीत,
कुणाच्या तरी घराचं फाटक पाण्याखाली उभं होतं,
त्याचा एक भाला आम्हाला खालनं लागला.
पातेल्याच्या बुडाला उलथनं घासावं तसा आवाज.
होडीत आम्ही दोघं, पाच माणसं, एक रेडकू,
आणि मिक्सर पोटाशी धरून बसलेली एक पोरगी.
काठावर वहिनी, कमरेएवढ्या पाण्यात तातोबा, दोर धरून.
दिवस बुडत आलेला.
एक फेरी राहिली.

तेव्हापासून आम्ही राळेवर बोलतो.
प्लायवर, कडीवर, गोड्या पाण्यावर, खाऱ्या पाण्यावर,
पोटावर, बदकावर. लई बोलतो.
चालायला येणारी माणसं थांबून हसतात,
म्हणतात, काय नाद हाय.

या रविवारी तातोबा म्हणाला, "तू गप्पच.
तुला काय वाटतंय?"
मी म्हटलं, "सांध्यातनंच असंल."

तो होडीपाशी बसला.
अंगठ्याचं नख रंगावरनं ओढत निघाला,
पहिली फासळी, दुसरी,
तिसरीपाशी नख थांबलं.
इलाही थर्मासचं झाकण फिरवत राहिला,
जे कधीच निघालेलं होतं.

"हं," तातोबा म्हणाला,
आणि नख पुढं नेलं, चौथीवर, पाचवीवर.
"सांध्यातनंच. पुढच्या रविवारी डांबर आणतो."

वहिनींनी होडीच्या कडेला हात घातला.
"चला, उलटी करा. ऊन चढायच्या आत एक चक्कर."
डालड्याचा डबा त्यांच्या काखेत होता.