सोनाकाच्या मण्याएवढा चेंडू

तासगावात, बाजार समितीच्या मागं,
वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानात
दस्तगीरमामूंनी पडद्याआड एक टीव्ही ठेवला होता.
रुपयाला दहा मिनिटं.
घड्याळ मामूंचं, त्यामुळं दहा म्हणजे आठ.

कॅसेटवर लिहिलेलं 'फुटबॉल',
आणि चेंडू बघावा तर लांबुडका,
सोनाकाच्या मण्यासारखा, दोन्हीकडं निमुळता.
पाय कुणी लावेना.
जो तो काखेत मारून पळत सुटला.
भूपाल म्हणाला, मामू, कॅसेट खराब आहे.
मामू म्हणाले, कॅसेट अमेरिकेची आहे. खराब तू आहेस.

नियम कुणाला ठाऊक?
दोन रांगा समोरासमोर वाकलेल्या,
मधे रेघ, मग शिट्टी.
म्हणजे कबड्डीच की ही, हेल्मेट घालून!
चढाईवाल्याच्या काखेत नारळ, एवढाच फरक.
आम्ही दम धरून खेळायचो, खरोखर,
कबड्डी कबड्डी कबड्डी,
श्वास तुटला की बटण सोडायचं.
अमेरिकेला माहीत नसलेला नियम.

चौथ्या खेपेनंतर चेंडू का काढून घेतात
ते कोडं सोडवलं शमानं, मामूंच्या मुलीनं,
तागडी पुसता पुसता, मान वर न करता:
"दहा पावलं पुढं गेलात का? नाही ना? मग बसा."

मॅच मात्र एकही पुरी झाली नाही.
कधी रुपया संपला, कधी वीज गेली,
एकदा तर भूपालचे वडील
छाटणीच्या कात्रीसकट दारात उभे.
चौदा-सात. एकवीस-वीस.
अर्धवट आकडे अजून डोक्यात पडून आहेत
वहीत न चढवलेल्या उधारीसारखे.

काल रात्री पोरानं मोबाईलवर तीच गेम काढून दिली.
तेच हिरवं मैदान, तेच ठिपक्याठिपक्यांचे गडी,
पळताना पाय दोनच तऱ्हांनी हलणारे.
अंगठा पंचेचाळिशीचा,
तरी डावीकडची फट त्याला बरोबर सापडली.
वीज होती. पडदा सारून कुणी आलं नाही.
घड्याळ शून्यावर आलं
आणि पहिल्यांदाच कळलं शेवटी काय होतं:
हिरवे गडी जागच्या जागी उड्या मारतात,
चार सुरांची पिपाणी वाजते,
एक कॅमेरावाला येऊन फोटो काढतो.
एवढंच.
एवढंच बघायचं राहिलं होतं.

भूपालला फोन लावला.
कंटेनर घेऊन न्हावाशेव्याला निघालेला,
खंबाटकीच्या अलीकडं ढाब्यावर थांबला होता,
मागं तेरा टन द्राक्षं गारठून बसलेली.
मी नुसतं म्हटलं, मॅच संपली.
कसली, कुठली, काही नाही.
"कोण जिंकलं?"
हिरवे. अठ्ठावीस-चोवीस.
बराच वेळ फक्त कूलिंगची घरघर.
मग म्हणाला,
"ऊठ की मग. दुसऱ्याचा नंबर हाय."