चुंबकपेटी

पहाटे पाचला जिन थांबते.
कानात मात्र ती अजून तासभर चालूच असते.
मी शोषणपाइपाच्या मानेतली पेटी उघडतो.
आत चार चुंबक, मनगटाएवढे,
आणि त्यांना बिलगलेला रात्रभराचा ऐवज:
खिळे, सायकलचे छर्रे, विळ्याचं एक टोक,
आणि झंपरचे हूक. हूक सगळ्यात जास्त.
एक जरी निसटला तर रोलरवर ठिणगी.
कापूस आधी आतून पेटतो,
वरून बराच वेळ पांढराच दिसतो.
हे मी एकदा पाहिलंय.

आज सुकेशनी आली, हिंगणघाटच्या पहिल्या बसआधी,
थर्मास ठेवून मोबाइल पुढे केला:
केशरी कडं, मधे काळं,
कड्यावर कुणी फणी फिरवल्यासारख्या रेघा.
"आपल्या आकाशगंगेच्या पोटातलं हाय हे, काका.
भवताल वायू फिरते. रेघा चुंबकाच्या."
"चुंबक दिसते काय कोणाले?"
"नाही. उजेड कोण्या अंगानं कलला, थे पाह्यतात."

हे मला लगेच कळलं.
अल्लीपूरच्या रस्त्याला बोरीच्या काट्यांवर
ट्रकांमधून उडालेली रुई अडकते.
ती कोणत्या बाजूला लोंबते यावरून
रात्री वारा कुठून होता ते मी सांगू शकतो,
वारा न पाहता.

तिनं काटापावती उलटी केली,
पेटीतला कीस त्यावर भुरभुरला,
खाली एक चुंबक धरला, बोटानं टिचकी मारली.
किसाला केस फुटले.
"मंग त्या काळ्यात समदंच जाते का?"
"कुठचं! निघते खूप, पोचते थोडं.
रेघा अडवतात. काही तर उलटं बाहेर फेकल्या जाते."
मी पाइपाकडे पाहिलं.
हा पाइप माझा अडवत नाही कोणाला,
पेटी लोखंड तेवढं ठेवून घेते.

"आन् वायूले चुंबक कसं धरते? तो का लोखंड हाय?"
ती थांबली. चहा ओतला. बशीतला मला दिला.
"अख्खा असला तं नाही धरत, काका.
थंडा, धड वायू चुंबकापासून तसाच निघून जाते,
त्याले पत्ताही नसते.
तापून तापून फुटला,
त्याच्यातलं काही त्याच्यापासून तुटलं,
की मंग त्याले रेघ लागते."

बाहेर बसनं हॉर्न दिला. ती पळाली.
पावती तशीच राहिली.

मागल्या मोसमात कौतिकाबाईचं जोडवं
कापसाच्या ढिगात गेलं.
चांदीचं. चांदी चुंबकाला लागत नाही,
हे मी तिला चारदा सांगितलंय.
तरी ती कामावर येताना रोज पेटीशी थांबते.
आजही थांबली.
पावतीवरच्या रेघांकडे बघत म्हणाली,
"हे काय मांडलं, रांगोळी?"
मला सांगता आलं नाही.
तेवढं मोठं, तेवढं लांब,
आणि माझ्या हातात बशी.

तिनं हुकांच्या चिमटीत बोट फिरवलं,
एक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला.
"हा माहा हाय."
हूक सगळे सारखेच असतात.
मी म्हणालो, "असंन. घेऊन जा."
तिनं पदराच्या टोकात गाठ मारली
आणि झाडू उचलला.
खिडकीच्या उन्हात रुईचे धागे
पाइपाच्या तोंडाशी गोल गोल फिरत होते,
जिन बंद असूनही.