निवृत्त वाचनालयातला मुक्काम

लिलावात दुसरी बोलीच लागली नाही,
म्हणून ही व्हॅन माझ्या पदरात पडली.
अठरा वर्षं मीच चालवत होते तिला
थर्सोपासून डर्नेसपर्यंत, एक मंगळवार सोडून एक,
पोटात दोन हजार पुस्तकं घालून.
आता पोटात मी.

फळ्यांवरच्या पट्ट्या काढल्या नाहीत.
‘प्रवासवर्णन’मध्ये मोजे राहतात,
‘रहस्यकथां’त ओट्स, ‘शेती व बागकाम’मध्ये बटाटे,
‘धर्म आणि तत्त्वज्ञान’पाशी गॅसची शेगडी.
‘बालविभाग’ जमिनीलगत. तिथे मी झोपते
गुडघे मुडपून,
कारण जागा पाच फुटांची, आणि मी साडेपाच.

सकाळी पहिलं काम, काचा पुसणं.
रात्रभर सोडलेला माझाच श्वास
थेंब होऊन परत येतो
कपाळावर, उशीवर, पावाच्या पिशवीवर.
एवढं पाणी माणूस झोपेत सांडतो
हे भिंतींच्या घरात कुणाला कळतं?
मी फडकं पिळते.
वाटीभर मी, रोज.

दुसरं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही.
निळा डबा, त्याचं घट्ट झाकण,
आणि गावाबाहेरची ती मोरी, जिथे सगळेच
एकमेकांच्या हाताकडे न बघता हवेबद्दल बोलतात.

लोकांना वाटतं, हौस आहे बाईला.
हौस मागाहून आली.
आधी आला भाड्याचा आकडा
आणि त्याच्या शेजारी माझं पेन्शन, अंग चोरून उभं.
एल्स्पेथ इन्व्हर्नेसहून फोन करते: हिवाळ्यापुरती तरी खोली घे, ताई.
मी म्हणते, थांब, आवाज तुटतोय.
आवाज स्वच्छ असतो.

पण सपाट जमीन ओळखायची माझी युक्ती ऐका:
तव्यात अंडं फोडायचं.
ते ज्या अंगाला पळेल
त्या बाजूच्या चाकांखाली फळी सारायची.
कधी दोन फळ्या. कधी अंडंच खाऊन टाकायचं
आणि रात्रभर घसरत झोपायचं.

उत्तरेचा वारा आला की तो व्हॅन हलवतो,
जसं कुणी गल्ल्याचा डबा हलवून बघावं
आत नाणं उरलंय का.
उरलंय. पडून राहते गप्प.
एकदा पहाटे असाच तो थांबला, दार उघडलं,
तर पायरीपासून चार हातांवर एक सील,
वाचनालय कधी उघडणार अशा चेहऱ्याचा.
दोघांनी एकमेकांना पुरेसं पाहिलं.
मग चहा केला. एकीपुरता.

परवा टाल्मिनला एक म्हातारा
रस्त्याच्या मधोमध हात वर करून उभा राहिला.
टॉर्क्विल मकाय. कार्ड क्रमांक मला अजून पाठ.
काखेत मधमाश्यापालनाचं पुस्तक, नऊ वर्षं उशिरा.
‘हिनं नेलं होतं,’ म्हणाला. ‘मधमाश्या काही आल्या नाहीत.’
मग म्हणाला, ‘तीही आता नाही.’
मग म्हणाला, ‘दंड किती?’

दोन कॅन पाणी, मी म्हणाले.
त्यानं नळी आणली, चार भरले.
आत डोकावून दीर्घ श्वास घेतला, म्हणाला,
अजून पुस्तकांचा वास येतो.
कांदा परतत होते मी. काही बोलले नाही.

पुस्तक आता बटाट्यांशेजारी आहे, स्वतःच्या हक्काच्या फळीवर.
सत्तावन्नाव्या पानावर पेन्सिलीनं, बारीक अक्षरात:
‘दक्षिणेच्या भिंतीपाशी ठेवाव्यात का पेट्या?’

आज रात्री तिथेच उभी आहे,
त्याच भिंतीला टेकून, त्याच्या परवानगीनं.
वारा वरून जातो. काचेला हात लावत नाही.
हो बाई, इथेच ठेवायच्या होत्या.
तव्यात अंडं
मधोमध बसलंय, हलत नाही.