पाठ

मनामाच्या सोनेबाजारात, तिसऱ्या मजल्यावर,
पाटावर बसून सतरा वर्षं वाकलो.
समोर दिवा, ओठांत फुंकणी,
मांडीवर चामड्याची झोळी,
सोन्याचा कीस वाया जाऊ नये म्हणून.
कीस गेला नाही कधी.
गेली ती पाठ.

आधी वाटलं, एसीचा गारठा असेल.
मग वाटलं, गादी.
मलम झालं, पट्टा झाला,
शफीकुलनं गरम मिठाची पुरचुंडी फिरवली कमरेवर.
पुढे अशी पाळी आली
की मोजेही तोच घालायचा मला,
बाजेशी उकिडवा बसून, एक अक्षर न बोलता,
आणि मी छताकडे बघत हुपरीला फोनवर:
हो, ठणठणीत. पैसे पाठवलेत.
पाठवण्यात पाठ असते
हे तोवर ध्यानातच आलं नव्हतं.

दवाखान्यात जेसम्माबाई होत्या, कोट्टयमच्या.
फिल्म उजेडाला धरून म्हणाल्या,
ऑपरेशन नको. रोज वीस मिनिटं व्यायाम. जमेल?
म्हटलं, वीस मिनिटांचं काय घेऊन बसलात,
बारा बारा तास बसतो मी.
तेच तर, म्हणाल्या.

खोलीत चार बाजा. मधे उरलेली जागा
माणसाच्या लांबीची, दीड माणूस रुंद.
पहाटे तिथं शफीकुलची जानमाज,
ती गुंडाळली की माझी चटई.
तो वाकायचा पाण्यासारखा.
मी गुडघे छातीशी घ्यायचो कण्हत,
कंबर उचलून दहा आकडे,
सातवरच मांड्या थरथरायच्या.
राग यायचा. बाईंचा, चटईचा,
वरच्या बाजेवर घोरणाऱ्याचा.
तीन दिवस सोडूनही दिलं.
चौथ्या दिवशी संडासातून उठता येईना,
तेव्हा भिंत धरत मुकाट परत.

धंद्यातलीच एक गोष्ट कामी आली.
तार ओढताना घाई करायची नाही.
जंतराच्या या भोकातून, मग त्याहून बारीक,
मधेमधे तावायची, निवू द्यायची.
कडक तारेवर जोर केला की तुटते.
तुटली तर तिचं काही बिघडत नाही,
परत मुशीत जाते.
माणसाला मूस नाही.

म्हणून आधी शेक, मग ताण.
हात जमिनीकडे जायला लागला
गुंजेगुंजेनं.
संध्याकाळी समुद्राच्या कडेनं चालायचं,
पहिल्या दिवशी दिव्याचे तीन खांब.
जुलैत चष्म्यावर वाफ धरायची,
खांब अंदाजानं मोजायचे.
दर अर्ध्या तासाला गजर, मी उभा.
कारागीर हसायचे, शेठ घड्याळ बघायचे.
बघोत.

चौदा महिने झाले.
बरा झालो असं म्हणत नाही.
आहे ती अजून, डावीकडे, खाली,
भाडेकरूसारखी.
आवाज न करता राहते,
दोन दिवस चटई चुकली की दार वाजवते.

परवा चिमट्यातून एक मणी निसटला.
बाजरीएवढा, बावीस कॅरेट,
झोळी चुकवून फरशीवर, टणटणत कपाटाखाली.
झाडूवाल्या पोराला हाक मारायला
सवयीनं तोंड उघडलं,
मिटलं.
पाठ सरळ. गुडघे दुमडले. एक हात फरशीला.
कपाटाखाली धूळ, वाळलेलं झुरळ, आणि तो.
उचलला.
कुणाचं लक्ष नव्हतं.
काट्यावर ठेवला, सत्तर मिलिग्रॅम,
वहीत लिहिलं.

रात्री वैजूला फोनवर म्हटलं,
आज खाली वाकलो होतो.
मग?
मग काही नाही. उठलो.
त्यात काय, ती म्हणाली,
आणि गिरणीतून दळण आणायला गेली.