साडेबारा टक्के

बेलापूरला झेरॉक्सच्या दुकानावर
माझा क्लास भरतो, सात ते आठ.
खुर्च्या सोळा. त्यातली एक मोडकी, ती माझी.
पंखा फिरला की खडूची पूड उडते
आणि पुढच्या रांगेतल्या मथुरा तांडेलच्या
केसांवर बसते. ती झटकत नाही.
म्हणते, खवल्यांपरीस बरी.

दिवाळे गावातून चालत येते ती.
विमानतळावर जागा निघाल्यात, प्रकल्पग्रस्तांना आधी,
पण मुलाखत इंग्रजीत.
हाउसकीपिंग सुपरवायझर :
हे दोन शब्द ती अजून
काटा काढल्यासारखे
जिभेनं चाचपत बोलते.

त्या दिवशी मी वाक्प्रचार घेतले.
फळ्यावर लिहिलं, ब्रेक द आइस.
शब्दशः बर्फ फोडणे. अर्थ,
अनोळखी माणसांतलं अवघडलेपण घालवणे.
"मी फोडतंय की रोज," मथुरा म्हणाली.
"पाटे चारला, मोगरीनं, अख्खी लादी.
अवघडलेपन जात नाय मॅडम.
त्यानंच तं पाठ अवघडते."

मी घाईनं पुढे गेले.
फिश आउट ऑफ वॉटर. पाण्याबाहेरचा मासा,
म्हणजे परक्या जागी कासावीस झालेला माणूस.
सगळ्यांनी लिहून घेतलं. तिनं पेन खाली ठेवलं.
"कंचा मासा?"
कुठलाही.
"असं कसं? बोईट मरल, कोलंबी मरल.
निवटी नाय मरत.
निवटी चिखलावर चालते,
डोलं वर काढून बघते
नवीन कोन आलाय गावात."

मी जतची. बाविसाव्या वर्षी
पहिल्यांदा खाडी पाहिली, नाकाला रुमाल लावून.
माझ्या पुस्तकात मासा एकच होता
आणि त्याला नाव नव्हतं.

इन द सेम बोट, मी लिहिलं. समदुःखी असणे.
"होडी येक असली तरी
येक वल्हवतो, येक पानी उपसतो,
नि येक नुसता मोजत बसतो,"
एवढं बोलून ती गप्प झाली.
तिची होडी भरावाच्या कडेला पालथी आहे.
खाली कुणाची तरी कोंबडी अंडी घालते.

म्हटलं, चला, आपली एक म्हण घेऊ :
पाण्यात राहून माशाशी वैर.
"माशाशी कोन करल गो वैर?
सासऱ्यानं केलं, ते सिडकोशी."
मग वहीचं मागचं पान उघडून, अगदी विद्यार्थिनीसारखं,
"साडेबारा टक्क्यांना इंग्रजीत काय बोलतात?"
ट्वेल्व्ह अँड अ हाफ पर्सेंट.
"तसं नाय. आमच्यात साडेबारा टक्के म्हंजे
येनार येनार म्हनतात ते.
पोरगा बोलला, आज लवकर घरी येतंय,
की मी बोलतंय, आला तुजा साडेबारा टक्का."

मी खडू हातात धरून उभी.
एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला अर्थ,
मध्ये आखलेली रेघ.
ह्या शब्दापुढे डावीकडे काही सुचेना.
आठ वाजले. खालच्या दुकानाचं शटर पडलं.

मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी
पहाटे सव्वाचारला फोन. मागे गलका, टेंपो,
कुणीतरी कुणाच्या तरी आईला आठवत होतं.
"साहेबानं इचारलं, व्हॉट इज युवर स्ट्रेंग्थ.
मी बोललं, आय ब्रेक द आइस.
एव्हरी डे. फोर ओ क्लॉक."
मग?
"तिघंबी हसलं. व्हेरी गुड बोललं."
ते कुठल्या अर्थानं हसले
हे तिनं विचारलं नव्हतं. मीही विचारलं नाही.
लागली का मग नोकरी?
"कळवू बोललेत."
साडेबारा टक्के, मी म्हटलं.

पलीकडे क्षणभर काहीच नाही.
मग लादीवर मोगरी पडल्याचा आवाज,
आणि पुन्हा एकदा.