वय, धंदा, राहणार

नाव: सुभान नबाब तडवी.
वय: त्रेचाळीस.
राहणार: न्हावी, तालुका यावल.
मधला एक रकाना उरला, धंदा,
आणि माझी बोटं थांबली,
कारण कंपनीचे वकील बोरोले उभे राहिले होते.
"नोकरी लिहू नका मॅडम, तोच तर वाद आहे."
"मग कंत्राटदार तरी कसं लिहिता?" सपकाळे बाई म्हणाल्या.
"चालक लिहू का?" मी विचारलं.
"कोणाचा?" बोरोले म्हणाले.
दाराशी उभा शिपाई तेवढा हसला.
साहेब म्हणाले, तूर्त कोरं ठेवा.

जळगावचं कामगार न्यायालय, मे महिना,
कूलरमध्ये पाणी नाही, नुसता आवाज.

गाडी कोणाच्या नावावर?
"माह्या. हप्ता बी माह्याच नावावर."
डिझेल कोण भरतं?
"मीच."
म्हणजे मालक तुम्ही.
सुभानने खिडकीतून खाली बघितलं.
लिंबाखाली त्याचा टेम्पो, भडक केशरी,
दोन्ही अंगांना कंपनीचं नाव, त्याच्या नावाहून हातभर मोठं.
"रंग त्यायनं दिला साहेब.
रंगाचे पैशे माह्याकून कापले."

मी टंकलं:
हे म्हणणे खरे आहे की वाहन माझ्या मालकीचे आहे.

असंच असतं. प्रश्न एक विचारतो, उत्तर दुसरा देतो,
कागदावर दोघांचं मिळून एकच वाक्य होतं,
आणि ते बोलल्यासारखं दिसतं साक्षीदार.
'मले'चं 'मला' मी करते. अकरा वर्षं करते आहे.

फेरी नाकारायची मुभा होती ना तुम्हाला?
"व्हती ना.
एक डाव नाकारली. माय गेली व्हती.
मंग तीन दिवस फोन मुका."

नाकारण्याची मुभा होती हे म्हणणे खरे आहे.
मुका फोन कुठे लिहायचा मला कळेना.
साहेबांकडे बघितलं. साहेब घाम पुसत होते.

मग पाळधीच्या अलीकडची ती पहाट.
कपाशीची ट्रॉली, मागे लाल दिवा नाही,
सुभानचा उजवा गुडघा डॅशबोर्डखाली.
दवाखान्यात भरती व्हायच्या आत
त्याने रस्त्याच्या कडेला बसून पार्सलं मोजून दिली
दुसऱ्या गाडीवाल्याला. एकशे बारा.
संध्याकाळी फोन उघडला तर आयडी बंद.

"स्वतंत्र होतात," बोरोले म्हणाले, "मग मोजत का बसलात?
पाय तसा असताना?"
सुभान बराच वेळ गप्प.
"कमी भरली असती त कोणाले इचारलं असतं साहेब?"

सपकाळे बाईंनी पेन खाली ठेवलं.
हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलं,
'इचारलं'सुद्धा.
कोणी दुरुस्त करा म्हणालं नाही.

दोन वाजता तो पायरीवर कळण्याची भाकरी खात होता,
वर मिरचीचा ठेचा, पाय लांब सोडलेला.
"बाई, तुमची तं कायमची असंल?"
गळ्यातलं ओळखपत्र मी उलटं केलं.
त्यावर न्यायालयाचं नाव नाही, नाशिकच्या एका एजन्सीचं आहे,
आणि मार्चचा पगार अजून आलेला नाही.
"आहे," म्हणाले.
का म्हणाले कोण जाणे.
त्याने अर्धी भाकरी पुढे केली, मी घेतली.

साडेपाचला सहीसाठी कागद दिला.
ओळीखाली बोट धरून त्याने सगळं वाचलं,
वरच्या रकान्याशी बोट थांबलं.
"इथं काही राह्यलं का?"
पुढची तारीख एकोणीस जून, मी सांगितलं.

खाली भाचा गाडी काढत होता.
सुभान डाव्या सीटवर चढला, आधी काठी, मग पाय.
फाटकापाशी गतिरोधक आहे,
पोराचं लक्ष नव्हतं, वेग तसाच,
आणि वरून मला स्पष्ट दिसलं,
रिकाम्या पत्र्यावर, जिथे काहीच नाही तिथे,
सुभानने उजवा पाय
कचकन दाबला.