खिडकी

मे महिना. सदरला, बिशप हाउसात
कूलरच्या ताट्या बदलायला गेलो होतो.
म्हातारे बिशप एमेरिक बाजेवर,
पायात रबरी स्लिपर, पट्ट्याला तार बांधलेली.
म्हणाले, "हा कूलर चौकीदाराच्या खोलीत लाव."
"तिथं खिडकीच नाही, साहेब."
"मग पाड."

मी हसलो. ते हसले नाहीत.

संध्याकाळी विटा फोडता फोडता
विचारलं, प्रार्थना कशी करायची असते?
टुल्लू पंपाकडे बघत राहिले बराच वेळ.
"मला अजून नीट येत नाही,"
म्हणाले, आणि घमेलं उचललं.

नोव्हेंबरात, मृतांच्या दिवशी,
त्यांच्या कबरीवर मेणबत्त्यांत
कोणीतरी एक संत्रं ठेवलेलं.
चौकीदारानं ते सोललं,
अर्धं मला दिलं.
आंबट होतं.